हात कोरडे आणा

चार दिवस भिंगरी थुंकी वाटीत टाकत होती. पाणी तेवढं थेंबाथेंबाने उतरायचं, एका वाटीला अर्धा दिवस. दूध घेतलं की ते छातीच्या वरच्या बाजूला कुठेतरी अडायचं, तिचे डोळे मोठे व्हायचे आणि मी वाटी पुढे करायची. पाचव्या दिवशी डोळे मोठे व्हायचेही थांबले. ती आपली आपणच वाटी ओढून घ्यायला लागली. सहा वर्षांच्या पोरीला कशाची एवढी सवय होऊ नये.

त्याच दिवशी तिला भरती केलं. पोटाच्या डॉक्टरांनी फोटो दाखवला. अन्ननलिका एका जागी दोऱ्याएवढी बारीक झाली होती. "जसे बाहेर फोड येतात तसे आतही येतात," ते म्हणाले, "आणि बरे होताना कातडी आखडते. आपण बारीक फुगा आत नेऊ, तिथेच फुगवू, वाट रुंद होईल. काम पाच-सात मिनिटांचं आहे. फक्त भूल पूर्ण द्यावी लागेल."

"फुगा कुठल्या रंगाचा?" भिंगरीने विचारलं.

ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मी 'भूल' या शब्दावरच थांबले होते.

तिच्या आजाराचं नाव एवढं लांबलचक आहे की म्हणतानाच जिभेला फोड यावा. एपिडर्मोलायसिस बुलोसा. पहिल्यांदा ते बिनचूक म्हणायला मला तीन महिने लागले, आता घरच्या पत्त्यासारखं सांगते. आपल्या कातडीचे थर एकमेकांना घट्ट शिवलेले असतात. हिचे नुसते एकावर एक ठेवलेले आहेत. घासलं की सुटतात. कुशीवर वळताना सुटतात, मोज्याच्या शिवणीने सुटतात, माझ्या लाडाने सुटतात. अशा मुलांना कुणी कुणी फुलपाखरं म्हणतं. म्हणोत बापडे. फुलपाखराला रोज आंघोळ घालावी लागत नाही, त्याच्या पट्ट्या भिजवून सोडाव्या लागत नाहीत, आणि ते 'आई पुरे, आई पुरे' म्हणत नाही.

पोटात असताना ती इतकी गरगरायची की सोनोग्राफीवाल्या बाई म्हणाल्या, ही काय भिंगरी आहे का. तेच नाव पडलं. खरं नाव कागदापुरतं.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात दात काढण्यासाठी तिला भूल दिली होती. मी सगळं सांगितलं होतं. लिहून दिलं होतं, मोठ्या अक्षरात. भूल उतरताना कुणीतरी तिच्या गालावरची बोटभर चिकटपट्टी काढली. पट्टीबरोबर गालही आला. सहा आठवडे लागले भरायला. ज्याने काढली तो माणूस वाईट नव्हता. नंतर तो जिन्यात उभा राहून रडत होता, मी पाहिलं. त्याच्या हाताने रोज जे केलं तेच त्या दिवशी केलं होतं, एवढंच.

तेव्हापासून मी लोकांच्या चेहऱ्याकडे बघत नाही. हातांकडे बघते.

भूल देणाऱ्या डॉक्टरांचे हात लहान होते, नखं अगदी मुळापासून कापलेली. बाई पन्नाशीच्या असाव्यात. गळ्यात दोरीने चष्मा. त्यांची खोली म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि खिडकीत कुणीतरी विसरलेली छत्री. मी बसल्या बसल्या फाईल पुढे सरकवली, तर त्यांनी ती बाजूला ठेवली.

"मी अशी दोन मुलं झोपवलीत आजवर," त्या म्हणाल्या. "त्यातलं एक सतरा वर्षांपूर्वी. म्हणजे मला येतं असं धरून चालू नका. तुम्हाला येतं. शिकवा."

सहा वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांनी चष्मा लावला, पेन उघडलं आणि वाट पाहत बसल्या.

मग मी सांगत गेले. काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली. हात आधी पूर्ण आत जाऊ द्यायचा, मग उचलायचं. ओढायचं नाही, सरकवायचं नाही. घट्ट धरलेलं तिला चालतं, घासलेलं चालत नाही. झोपेत डोळे अर्धवट उघडे राहतात, तेव्हा पापणी मिटायला बोट लावायचं नाही, मलम सोडायचं, पापणी आपोआप खाली येते.

"म्हणजे दाब चालतो, घसरण चालत नाही," त्या म्हणाल्या.

"हो. तेवढंच आहे सगळं."

"तेवढंच," त्या स्वतःशी म्हणाल्या आणि लिहून घेतलं. मग त्यांच्याकडचं त्यांनी सांगितलं. तिचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. श्वासाची नळी बारीक घ्यायची, मलमात बुडवून घालायची, कॅमेऱ्याने बघत बघत. मास्कच्या कडेला मलम. बोटाला लावायचं, प्राणवायू मोजणारं यंत्र चिमट्याचं, चिकटणारं नाही. सलाईनची सुई सिलिकॉनच्या पट्टीने धरायची, ती कातडी न ओढता निघते. वॉर्डात त्या दिवशी सलाईनसाठी दोनदा सुई टोचून झाली होती, दोन्ही वेळा शीर फुटली होती. भुलीच्या मॅडम म्हणाल्या, आता जागेपणी नको, झोपली की मीच घालीन.

"आणि काय होऊ शकतं?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं.

"घशात फोड येऊ शकतो. तो मोठा झाला तर श्वासाची वाट अडू शकते."

"मग?"

"मग मी तिथे असेन."

"हे काय उत्तर झालं?"

"नाही झालं," त्या म्हणाल्या. "पण खोटं उत्तर देण्यापेक्षा बरं."

दुपारी ऑपरेशन थिएटर रिकामं झाल्यावर त्यांनी रंगीत तालीम घेतली. तसं त्यांच्याकडे कधी होत नसावं, कारण मोठ्या सिस्टर दारातच म्हणाल्या, "मॅडम, नाटक बसवताय का?"

"बसवतेय. या, तुम्ही नायिका. पेशंट ही आई."

तर मी टेबलावर आडवी झाले. वरचा दिवा बंद होता, तरी त्याच्या काचेत मी दिसत होते, पायमोजे घातलेली, खूप लांब कुठेतरी. मॅडम एकेक पायरी मोठ्याने बोलत होत्या. आता मास्क. आता मान. आता हात, सुई गेली असं समजा. मोठ्या सिस्टर माझा हात हातात घेऊन उभ्या होत्या, उबदार, जाड, आईच्या वयाचा हात. "सुई गेली," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा दुसरा हात खिशात गेला, चर्र आवाज झाला, आणि माझ्या मनगटावर चिकटपट्टी बसली. वर अंगठ्याने दाबूनही झालं.

सिस्टर माझ्या मनगटाकडे बघत होत्या, जणू ते दुसऱ्याच कुणी केलं होतं.

"एकवीस वर्षं झाली हो," त्या शेवटी म्हणाल्या. "हाताला विचारावंच लागत नाही."

"म्हणून तर नाटक," मॅडम म्हणाल्या. "खिसे रिकामे करा. सगळ्यांनी."

सिस्टरांच्या खिशातून चिकटपट्टीची तीन रिळं निघाली, एक कात्री, दोन पेनं आणि चघळायच्या गोळ्यांची पुडी. मॅडमच्या स्वतःच्या खिशातून एक रीळ निघालं. त्या थोड्या ओशाळल्या. सगळं एका ट्रेमध्ये ठेवून ट्रे खोलीबाहेर गेला. उद्या हिचं काम होईपर्यंत या खोलीत एकही चिकटपट्टी येणार नाही, असं मॅडमनी दारावर लिहून लावलं. कागद चिकटवायला मात्र पट्टी लागली, त्यावर सिस्टर हसल्या, मीही हसले.

निघताना मॅडम म्हणाल्या, "सकाळी चेहऱ्याला भरपूर मलम लावून आणा. ओठ, पापण्या, हनुवटी, मान. हात मात्र कोरडे आणा."

मी हो म्हटलं.

वॉर्डात आले तर हिचा बाबा तिच्याशेजारी पत्ते मांडून बसला होता. तो फरशा बसवतो. त्याचे तळवे सिमेंटने असे झालेत की तो स्वतःच त्यांना किसणी म्हणतो, आणि लेकीला फक्त हाताच्या मागच्या बाजूने शिवतो. मी त्याला तालमीचं सांगितलं, चिकटपट्टीचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित पुढचं झालं नसतं. पण तो नुकताच पत्त्यात हरला होता, आणि भिंगरी त्याला 'रडीचा डाव' म्हणत होती, आणि ते दोघं असे असताना मध्ये काही आणायला माझं मन होत नाही.

त्या रात्रीचं काही सांगण्यासारखं नाही. मनगटावर जिथे पट्टी होती तिथे मी हात फिरवत होते. माझी लव तेवढी उपटली होती.

सकाळी वॉर्डाच्या न्हाणीघरात तिला आंघोळ घातली. पट्ट्या बदलल्या. नेहमीचं रडं झालं, नेहमीएवढंच. मग चेहऱ्याला मलम लावलं, ओठ, पापण्या, हनुवटी, मान. मग मी तिचा हात हातात घेतला. बोटं आता एकमेकांकडे झुकायला लागलीत तिची, पण मनगटाची कातडी चांगली होती, फुटलेल्या शिरांचे दोन जांभळे ठिपके सोडले तर.

मॅडम काय म्हणाल्या होत्या ते मला स्वच्छ आठवत होतं. विसरले असते तर आज निदान तसं म्हणता आलं असतं. पण माझ्या कानात तो चर्र आवाज होता. तीन रिळं निघाली, चौथं नसेल कशावरून. नवीन कुणी ड्युटीवर आलं तर. दारावरचा कागद कोण वाचतं. आणि मला वाटलं, तेलकट कातडीला चिकटपट्टी चिकटतच नाही. चुकून लागलीच तर गळून पडेल. किती साधं आहे, कुणाला सुचलं कसं नाही. मी दोन्ही हातांना कोपरापर्यंत मलम लावलं. चोळलं नाही, थापलं, जसं लावायचं तसंच. वर मऊ सुती बाह्या चढवल्या. मी स्वतःला शाबासकीही दिली, खोटं का सांगू.

आठ वाजता आम्ही थिएटरबाहेर बसलो. मॅडम हिरव्या कपड्यांत बाहेर आल्या, भिंगरीसमोर उकिडव्या बसल्या.

"तयार का, बाईसाहेब?"

"आईने मला आज लोणी लावलंय," भिंगरी म्हणाली. आवाज खोल गेला होता तिचा, पण कौतुक पुरेपूर होतं. "सगळीकडे."

मॅडमनी तिच्या चकाकत्या चेहऱ्याकडे पाहिलं. "छान. मला हवं होतं तसंच."

तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण तेव्हाच माझ्या लक्षात आलं की सुईची पट्टीसुद्धा पट्टीच आहे. सिलिकॉनची असली म्हणून काय, मलमावर तीही बसणार नाही. मी सांगितलं तर आज रद्द होईल. मलम पुसता येणार नाही, पुसणं म्हणजे घासणं. उद्यावर जाईल, उद्या सुट्टी, मग परवा. आणि वाटी अजून दोन दिवस. मी स्वतःला म्हटलं, एव्हाना जिरलं असेल. मी स्वतःला म्हटलं, या हुशार आहेत, काहीतरी करतील. मी तोंड मिटलं.

आत भिंगरी आपली आपण टेबलावर चढली. कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. मऊ गादीवर तीच आडवी झाली, तिनेच मान नीट केली, राणीसारखी. मास्क मी धरला, माझ्या हातावर मॅडमचा हात. "फुंकर मार," मॅडम म्हणाल्या, "मेणबत्ती विझव."

"इथे मेणबत्ती कुठाय?"

"समज."

"समजून विझवली तर—" असं काहीतरी ती म्हणत होती आणि मध्येच गेली. वाक्य तिथेच राहिलं. डोळे अर्धे उघडे, नजर कुणाकडेच नाही. मोठ्या सिस्टरांनी पापण्यांवर मलम सोडलं, बोट न लावता. बरोबर केलं.

"आता बाहेर थांबा," मॅडम म्हणाल्या. "पापा घेऊन जा हवं तर, कपाळाचा, हलका."

दारापर्यंत आठ-नऊ पावलं असतील. मी तीन टाकली. मागे सिस्टर तिची सुती बाही वर गुंडाळत होत्या, अगदी हळू, मी शिकवलं होतं तशी. दुसऱ्या हातात सिलिकॉनची पट्टी तयार.

"हाताला मलम आहे," मी म्हटलं.

यंत्र टीक, टीक करत होतं.

"काय?" मॅडम म्हणाल्या. वर पाहिलं नाही. दोन्ही हातांनी त्यांनी भिंगरीचा जबडा धरला होता, मास्कसकट.

"दोन्ही हातांना. कोपरापर्यंत. मी लावलं. चिकटपट्टी लागली तर म्हणून."

सिस्टरांनी बोट टेकवून पाहिलं आणि मान हलवली. मॅडमनी जबडा सोडला नाही, रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

"वरून बँडेज गुंडाळून सुई धरता येईल का, मॅडम?" सिस्टरांनी विचारलं.

"बँडेज सरकेल. बँडेजबरोबर सुई, सुईबरोबर कातडी." मग मला, त्याच आवाजात, "आई, पायात शीर कुठे आहे? चांगल्या कातडीखाली."

तिच्या अंगाचा नकाशा मला डोळे मिटून येतो. "उजव्या घोट्याच्या वर, आतल्या बाजूला. दोन बोटं जागा आहे. निळी शीर दिसते. तिथे कधीच फोड आला नाही."

"मलम?"

"नाही. चांगली आहे म्हणून मी तिथे काही लावतच नाही."

"पण वर पट्ट्या आहेत."

"बोटांपासून गुडघ्यापर्यंत. चार थर."

"सोडायला किती वेळ लागतो?"

"रोज वीस मिनिटं."

"माझ्याकडे चार आहेत. सुई नसताना हिला यापेक्षा जास्त अशी ठेवणार नाही. बाहेर जायचं नाही तुम्ही. सोडा."

सिस्टरांनी माझ्या हातांवर काहीतरी गार ओतलं, हातमोजे चढवले. मी तिच्या पायाशी उभी राहिले. रोज या पट्ट्या सोडताना मी पाण्याने भिजवते, एक घडी सोडते, थांबते, ती रडते, मी थांबते, गाणं म्हणते, ती मला शिव्या देते, तिला येतात तेवढ्या, आणि मी पुढची घडी सोडते. वीस मिनिटांतली पंधरा रडण्याची असतात. ते मला तोवर कधी समजलं नव्हतं.

पहिला थर सुटला. दुसरा सुटला. आवाज नाही. पाय माझ्या हातात होता, जड, उबदार, आणि तो मागे ओढला जात नव्हता. बोटं आखडत नव्हती. मी घडी सोडत होते आणि सवयीने थांबत होते, रडण्यासाठी जागा ठेवत होते, आणि त्या जागेत नुसतं यंत्र वाजत होतं. असं शांतपणे मी तिच्या पट्ट्या कधी सोडल्या नव्हत्या, तान्ही असतानाही नाही. हे सुख असायला हवं होतं. मला मात्र वाटलं, ती नाहीच आहे इथे. हा दुसऱ्याच कुणाचा तरी पाय आहे.

"थांबू नका," मॅडम म्हणाल्या.

तिसऱ्या थराला यंत्राचा आवाज बदलला. टीक, टीक, पण प्रत्येक टीक आधीच्यापेक्षा जरा खाली, जिना उतरल्यासारखा. मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी वर पाहिलं. मॅडमनी जबडा पुढे घेतला, बोटं जागची न हलवता, नुसता दाब. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"तुमचं काम इकडे नाही, तिकडे आहे," त्या म्हणाल्या.

मी खाली पाहिलं. चौथ्या थराचा जाळीचा तुकडा टाचेला थोडा चिकटला होता. रोज इथे मी पाच मिनिटं पाणी सोडते. टाच तशीच राहू द्यायची, मी ठरवलं, आणि वरूनच जाळी कापायला सांगितली. सिस्टरांनी कात्री आतून बोट घालून चालवली, कातडीला टोक न लावता. आणि दोन बोटं जागा उघडी झाली. गोरी, कोरडी, कुणीही न शिवलेली. शीर दिसत होती.

टीक जिना चढायला लागले. एक, दोन, तीन पायऱ्या, मग सरळ.

मॅडमनी सिस्टरांना जबडा दिला, हातावर हात ठेवून, न सरकवता, आणि खाली आल्या. एकदाच टोचलं. सिलिकॉनची पट्टी बसली आणि बसूनच राहिली.

"आता बाहेर," त्या म्हणाल्या.

बाहेर हिचा बाबा बाकावर स्वतःच्याच हातांवर बसला होता. "एवढा वेळ आत?" तो म्हणाला. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या सात पायऱ्यांचं चित्र होतं, ते तो वाचत होता.

"आणि मला रोज शिकवतेस हात कसे ठेवायचे ते," तो म्हणाला.

थोड्या वेळाने तो उठला, पाण्याची बाटली भरून आणली आणि झाकण उघडून माझ्या हातात दिली. मला ती धरता येईना, तेव्हा त्याने धरली.

पाच-सात मिनिटांच्या कामाला पन्नास मिनिटं झाली. त्या पन्नास मिनिटांत दार तीनदा उघडलं. एकदा कुणीतरी रिकामी ट्रॉली घेऊन गेलं, एकदा एक डॉक्टर फोनवर जेवणाबद्दल बोलत बाहेर आला. तिसऱ्यांदा मॅडम.

"या. रडायच्या आत या."

भिंगरी कुशीवर होती, तोंडाजवळ प्राणवायूची नळी धरलेली, लावलेली नाही. तिचा हात डोळ्यांकडे निघाला होता, चोळायला. मी तिच्या कानाशी म्हटलं, "थापट, भिंगे, चोळू नको," आणि झोपेतच तिने डोळ्यावर दोन थापट्या मारल्या. मोठ्या सिस्टर पलीकडून म्हणाल्या, "बघा हो, आमच्यापेक्षा हिच्या हाताला जास्त कळतं."

मॅडमनी मला बाजूला घेऊन सगळं दाखवलं, न लपवता. ओठाच्या उजव्या कोपऱ्यात मुगाच्या दाण्याएवढं सोललं होतं. जबड्याखाली जिथे त्यांची बोटं होती तिथे लाल होतं, फोड नव्हता. "घशात एक फोड आलाय. लहान आहे. मी सुईने फोडला, बसलाय. पण आज दिवसभर ही इथेच, माझ्यासमोर. आवाज घोगरा झाला, श्वास ओढायला लागली, तर मला हाक मारायची, कुणाला विचारत बसायचं नाही."

"माझ्यामुळे," मी म्हटलं.

"मलमामुळे पाच मिनिटं गेली. फोड नळीने आला." त्यांनी चष्मा पुसला. "काल मी हात कोरडे आणा म्हटलं, का ते सांगितलं नाही. तुम्हाला कारण कळलं असतं तर तुम्ही लावलं नसतं. पुढच्या वेळी सांगेन."

"पुढच्या वेळी?"

"वाट परत आखडते," त्या म्हणाल्या. "चार महिने, सहा महिने. तुम्हाला त्या डॉक्टरांनी सांगितलं असेल."

सांगितलं असेल. मी 'भूल' या शब्दावर थांबले होते.

दोन तास मी तिचा श्वास मोजला. छाती वर, छाती खाली. जरा घरघरल्यासारखं झालं की मी उठायची, मॅडम टेबलावरून वर बघायच्या, आणि तो नुसता श्वास असायचा. दुपारी पोटाचे डॉक्टर म्हणाले, एक चमचा पाणी देऊन बघा.

मी चमचा ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून दिला. पाणी आत गेलं. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते, ते मोठे होतात का. ते माझ्याकडेच बघत होते. गळ्याखालची कातडी एकदा हलली, वरून खाली.

"गेलं," ती म्हणाली. आवाज घोगरा. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, एवढा चालेल.

अजून एक चमचा. तोही गेला. मग तिला उजव्या पायाची नवी, पातळ पट्टी दिसली.

"ही कुणी बदलली?"

"मी. तू झोपली होतीस तेव्हा."

"मी रडले?"

"नाही."

"शिव्या दिल्या?"

"नाही गं."

तिने पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हिशेब जुळवताना तिची भुवई एका बाजूला जाते, तशी गेली. "मग रोज मला झोपवूनच पट्ट्या सोड ना," ती म्हणाली. "मला कळत पण नाही, तुझं पण काम पटकन होतं."

हिचा बाबा खिडकीकडे वळला.

"रोज नाही झोपवता येत," मी म्हटलं.

"का?"

बरीच कारणं होती. मॅडमनी ती मला एकेक करून सांगितली असती. माझ्या तोंडून आलं, "मला भीती वाटते."

"कशाची?"

"तू बोलत नव्हतीस. तू तिथे नाहीस असं वाटत होतं."

ती मोठ्या माणसासारखं हसली, ओठाचा सोललेला कोपरा सांभाळून. "वेडी आहेस का. मी होते की तिथेच. माझाच पाय होता ना?"

"हो," मी म्हटलं. "तुझाच होता."

"मग," ती म्हणाली, आणि तोंड उघडलं, दोन बोटं उघडतं तेवढं. मी चमचा भरला. सांडू नये म्हणून अर्धाच भरला, आणि तो खाली उतरेपर्यंत तिच्या गळ्यावरून नजर हलवली नाही.